चौथीचा फोटो आणि केंद्राचा पेनड्राइव्ह

जव्हारला आमच्या आळीत शिक्षकांची पाच-सहा घरं होती, पण कॉम्प्युटर एकट्या माझ्याकडे. खिडकीखाली, शिलाई मशीनच्या शेजारी त्याचं टेबल होतं. बायकोने त्याच्यासाठी क्रोशाचं कव्हर विणलं होतं. पाहुणे आले की मी ते कव्हर बाजूला करून मशीन चालू करायचो आणि चहा होईपर्यंत त्यांना माउस हलवून दाखवायचो. बायको म्हणायची, सवत परवडली, तिला निदान स्वयंपाकाला तरी लावता आलं असतं. मी मिजास करत होतो, आणि ती मिजास पुढे कशी अंगाशी आली ते सांगायचं तर व्हायरसपासून सुरुवात करावी लागेल. कितीतरी महिने मी सगळ्यांना हेच सांगत होतो, की व्हायरसने घात केला.

मी मूळचा जामसरचा, भात लावणाऱ्या घरातला पहिला नोकरदार. शाळा मात्र मोखाड्याकडे, पोशेऱ्याच्या पुढे एका पाड्यावर. दोन खोल्या, एक व्हरांडा, पहिली ते चौथी. शिकवायला मी आणि एक बाई. शाळेत तिसरं मोठं माणूस म्हणजे पोरांची खिचडी शिजवणारी ताई. ती पाड्यावरचीच होती. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण मी तिला ताईच म्हणायचो. तिची मुलगी आमच्याकडेच चौथीपर्यंत शिकली आणि मग पाचवीला आश्रमशाळेत गेली. ती जायच्या आधी, एप्रिलमध्ये, मी माझ्या छोट्या कॅमेऱ्याने चौथीच्या वर्गाचा फोटो काढला आणि घरी येऊन कॉम्प्युटरमध्ये टाकला.

ताईने त्याच आठवड्यात विचारलं, की पोरीचा फोटू मला देशाल काय. मी म्हटलं, देईन की. जव्हारला फोटो छापून देणारं दुकान माझ्या घरापासून पाच मिनिटांवर होतं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिने परत विचारलं. मग भाताची आवणी झाल्यावर, मग गणपतीत. चारचौघांत ती कधी विचारायची नाही. तांदूळ निवडताना, भांडी घासताना, मी जवळून गेलो की हळूच म्हणायची. माझं उत्तर ठरलेलं होतं: या रविवारी नक्की. रविवार आला की मी कॉम्प्युटरपुढे बसायचो, केंद्राचे तक्ते भरायचो, नाहीतर पत्त्यांचा खेळ खेळायचो, आणि फोटो राहायचा. बायकोने एकदा विचारलं, त्या बाईला फोटो दिलात का? मी म्हणालो, तो काय पळून जातोय, कॉम्प्युटरमध्ये आहे.

असं करता करता दुसरा पावसाळाही गेला.

आता केंद्राच्या पेनड्राइव्हबद्दल. आमच्या केंद्रात डोंगराच्या खांद्याखांद्यावर विखुरलेल्या बऱ्याच शाळा होत्या. दर महिन्याला पटसंख्या, हजेरी, शिजवलेला भात, उरलेला तांदूळ, असे तक्ते द्यायचे. तेव्हा वर त्या भागात नेटचा पत्ता नसायचा. म्हणून आम्ही आमचीच एक पद्धत पाडली होती. केंद्राचा एकच पेनड्राइव्ह होता, निळा, टोपण हरवलेला. तो एका शाळेने आपला तक्ता टाकून जीपवाल्याच्या वरच्या खिशात द्यायचा, जीपवाल्याने पुढच्या फाट्यावर उतरवायचा, तिथल्या गुरुजींनी कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर तक्ता भरून पुढे पाठवायचा. ज्यांच्या शाळेत कॉम्प्युटर नव्हता किंवा असून बंद होता, त्यांचे तक्ते माझ्या घरी भरले जायचे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो पेनड्राइव्ह डोंगर उतरून, चढून, शेवटी माझ्याकडे यायचा. परिपत्रकाला यायला कधी पंधरा दिवस लागायचे, पेनड्राइव्ह मात्र चार दिवसांत सगळं केंद्र फिरून यायचा. केंद्रप्रमुख सगळ्यांसमोर मला म्हणायचे, गुरुजी आहेत म्हणून आपलं निभतंय. मला ते आवडायचं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या महिन्यात त्यातून व्हायरस आला. मी पेनड्राइव्ह लावला आणि दोन दिवसांनी पाहतो तर माझ्या डी ड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरच्या कोपऱ्यात एकेक छोटासा बाण आलेला. फोल्डरवर दोनदा क्लिक केलं की आधी स्क्रीन एकदा लुकलुकायची आणि मग फोल्डर उघडायचं. उघडतंय ना, मग राहू दे, असं म्हणून मी दुर्लक्ष केलं. पुढच्या महिन्यात मशीन इतकं मंदावलं की एक तक्ता उघडेपर्यंत बायकोचं अर्धं ब्लाउज शिवून व्हायचं.

मग मी कंबर कसली. एका ओळखीच्या शिक्षकाकडून अँटिव्हायरसची सीडी आणली, रात्रीचं जेवण लवकर उरकून सगळं मशीन तपासलं. त्याने काहीबाही पकडलं, लाल अक्षरांत नावं दाखवली, आणि सगळं साफ झालं म्हणाला. मी खूश. पाच दिवसांनी बाण परत. पुन्हा साफ केलं. पुन्हा परत. बाण पुसावेत तर पुसतापुसता नवे उगवायचे. मी एका वहीत पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या, मशीन सेफ मोडमध्ये कसं चालू करायचं, कुठली फाईल शोधून मारायची. तीन महिन्यांत मी तो व्हायरस पाच वेळा मारला असेन. हा इतका चिवट कसा, याचं मला कोडं पडलं होतं. आज हसू येतं, कारण उत्तर माझ्या हातातच होतं. दर वेळी मशीन साफ केलं की मी काय करायचो, तर तक्त्यांची पाच तारीख जवळ आली म्हणून, नाहीतर कुणाचा तक्ता राहिला म्हणून, तोच निळा पेनड्राइव्ह पुन्हा त्यात खुपसायचो. तो न धुता, न तपासता. तो केंद्राचा होता, सरकारी कामाचा होता, त्याच्यावर संशय घ्यायचं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्ही एकमेकांच्या शाळांवर मात्र भरपूर संशय घेतला. केंद्राच्या बैठकीत यावरून वाजलं आणि दोन गुरुजींनी महिनाभर एकमेकांशी अबोला धरला.

पाचव्या खेपेला निराळंच झालं. अँटिव्हायरस म्हणाला सगळं साफ. बाण मात्र तसेच, आणि आता त्यांच्यावर क्लिक केलं तर काहीच उघडेना. फाईल सापडत नाही, एवढंच यायचं. प्रत्येक फोल्डरची साईज बघितली तर एक केबी. सगळ्यांची एक केबी. माझ्या आठ वर्षांच्या शाळेचे फोटो, भावाच्या लग्नाचे, जामसरच्या घराचे, चौथीच्या वर्गाचा, सगळे एक केबी. पण डी ड्राइव्हची पट्टी बघितली तर ती अर्ध्याच्या वर भरलेली दाखवत होती. मी विचार केला, माझं सगळं खाऊन हा व्हायरसच एवढा माजलाय. मला आजही त्या विचाराची लाज वाटते. दुकानात जाऊन विचारायचं तर मी कोण, केंद्राचा कॉम्प्युटरवाला. मी कुणाला विचारायचं?

एका रविवारी मी सगळं मशीन फॉरमॅट केलं. सी पण आणि डी पण. मशीनने विचारलं, सगळी माहिती पुसली जाईल, नक्की का? मी हो म्हटलं. त्याने परत विचारलं. मी परत हो म्हटलं, आणि त्या वेळी मला आनंद झाला होता, हे लपवून काय उपयोग. तीन महिन्यांचा राग होता तो. संध्याकाळपर्यंत मशीन नव्यासारखं पळायला लागलं आणि मी बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, आपले फोटो? मी म्हटलं, ते व्हायरसने आधीच खाल्ले होते.

ताईलाही मी हेच सांगितलं. शिमग्याच्या आसपास तिने विचारलं तेव्हा म्हटलं, ताई, फोटो व्हायरसने खाल्ला. तो कोण, असं तिने विचारलं, तर मी तिला पाच मिनिटं समजावून सांगितलं. पेनड्राइव्हमधून कसा येतो, आत शिरून कसा सगळं खातो. मी जामसरचा, घरी आम्ही जे बोलायचो ते तिच्या बोलण्यापासून फार लांब नाही, पण त्या दिवशी मी तिच्याशी अगदी पुस्तकातलं मराठी बोललो. खोटं किंवा अर्धवट बोलायचं असलं की मी तसं बोलतो, हे मला बायकोने नंतर कधीतरी दाखवून दिलं. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मंग दुसरा काढा, पोर मे महिन्यात घरी येल. मी म्हटलं, नक्की. मे महिन्यात पोर घरी आली, पण शाळेला सुट्टी होती. मी जव्हारला होतो.

भादव्यात गणपतीच्या सुट्टीला मुलगी परत घरी आली. तेव्हा ती सातवीत होती. जमिनीवर झोपलेली असताना तिला मण्यार चावली. मण्यारीचा दात लागलेला कळत नाही. पोटात दुखतंय म्हणाली, म्हणून आधी ओवा दिला. मग बोलता येईनासं झाल्यावर झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणली आणि जीप मिळवली. मोखाड्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला हे शाळेतल्या बाईंनी फोनवर सांगितलं. मी त्या दिवशी भाताचा तक्ता भरत होतो.

तिसऱ्या दिवशी बाई आणि मी भेटायला गेलो. घरात बायका बसल्या होत्या. दिवसांच्या कार्याला परत गेलो. हल्ली पाड्यावरही कार्याला फ्रेम केलेला फोटो ठेवून हार घालतात. त्यांनी मुलीचं आधार कार्ड जव्हारला नेऊन त्यावरचा फोटो मोठा करून आणला होता. सहा वर्षांची असताना काढलेला. मोठा केल्यावर त्यात दोन काळे ठिपके आणि एक करडा डाग राहिला होता. आश्रमशाळेतून प्रवेशाच्या फॉर्मची झेरॉक्स मिळाली, त्यातला फोटो तर पूर्ण काळा. घरातला मोबाईल बटणांचा, फोटो न निघणारा. त्या करड्या डागाला झेंडूचा हार घातलेला मी पाहिला.

ती महिन्याभराने कामावर आली. पहिल्याच दिवशी, पोरं जेवून गेल्यावर, माझ्या टेबलाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, की त्या तुमच्या डब्यात फोटू कुठं सांदीला राहिला असल काय, एकदा बघा. त्या शनिवारी मी सगळी मिजास गुंडाळून सीपीयू स्कूटरवर बांधला आणि बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

दुरुस्तीवाला माझ्याच वयाचा, मितभाषी माणूस. मी त्याला सगळं सांगितलं. बाण, एक केबी, पाच वेळा मारणं, शेवटी फॉरमॅट. तो ऐकत होता. मग त्याने शेजारचा दुसऱ्या कुणाचा तरी पेनड्राइव्ह उचलला, आपल्या मशीनला लावला. त्यातही तसेच बाण होते. त्याने एक काळी खिडकी उघडली, तिच्यात एक ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. बाणांच्या शेजारी सगळी फोल्डरं एकामागून एक उगवली. आत लग्नाचे फोटो होते, कुणाच्या तरी सातबाऱ्याचे कागद होते, सगळं जसंच्या तसं.

"सर, हा खात नाही काही," तो म्हणाला. "फक्त लपवतो. अँटिव्हायरसने त्याला मारला म्हणून बाण उघडेनात, पण तुमचं सामान तिथंच होतं. ड्राइव्ह भरलेला दाखवत होता ना?"

मी म्हटलं, हो. अर्ध्याच्या वर.

"मग ते तुमचंच होतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दिवसातून दहा वेळा तो हेच सांगत असणार. पण मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी स्वतःच्या हाताने केलं होतं, तेही दोनदा हो म्हणून. त्याने मला समजावलं, की फॉरमॅट केल्यावरही काही काळ जुनं आत असतं, पण नवं काही साठवलं की ते जुन्याच्या जागेवर बसतं. किती महिने मशीन वापरलंत? मी म्हटलं, आठ-नऊ. आठ-नऊ महिन्यांचे सगळ्या केंद्राचे तक्ते मी त्या फोटोंच्या जागेवर भरून ठेवले होते.

त्याने सीपीयू चार दिवस ठेवून घेतला. जे निघालं ते एका फोल्डरमध्ये दिलं. नावं गेलेली, नुसते आकडे. मी शाळेतून आल्यावर रोज एकेक उघडत बसलो. बायको शेजारी मशीनवर बसायची, शिवायची नाही. जुने तक्ते सगळे निघाले. तीन वर्षांपूर्वीचा तांदळाचा हिशेब स्वच्छ, एक आकडा इकडचा तिकडे नाही. भावाच्या लग्नाचा एकही फोटो नाही. तिसऱ्या दिवशी एक फाईल उघडली आणि शाळेचा व्हरांडा दिसला. बायकोने माझा हात धरला.

फोटो वरून अर्धा होता, खाली सगळं राखाडी. मी फोटो काढताना, म्हणजे कॅमेरा कट्ट्यावर ठेवून टायमर लावून पळत येऊन उभा राहिलो तेव्हा, मागे आम्ही दोघं शिक्षक उभे होतो, आमच्यापुढे चार मुलगे, आणि सगळ्यांत पुढे चटईवर पाच मुली बसवल्या होत्या. मुली उंचीने लहान, म्हणून मीच त्यांना पुढे बसवलं होतं. पत्रे आलेत, घंटा आलीय, मी आलोय, बाई आल्यात, मुलग्यांचे चेहरे आलेत. त्यांच्या छातीपासून खाली राखाडी पट्टी. एका कडेला राखाडीच्या वर एक लाल रिबीन तेवढी दिसते, पण ती कुणाची ते मला सांगता येईना. पाचही मुली लाल रिबिनी बांधून आल्या होत्या. मी परत दुरुस्तीवाल्याकडे गेलो, विनवलं. तो म्हणाला, आहे एवढंच आहे.

बायको म्हणाली, तिला दाखवूच नका, काही निघालं नाही म्हणून सांगा. मला ते फार पटलं होतं. पण एकदा अर्धवट सांगून झालं होतं, परत तेच करायची हिंमत झाली नाही. पाच मिनिटांवरच्या त्या दुकानात गेलो आणि प्रिंट काढली. तिला पुरती तीन मिनिटंही लागली नाहीत.

सोमवारी ताई चुलीपाशी होती. मी तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसलो आणि प्रिंट दिली. तिने पदराला हात पुसून ती दोन्ही हातांनी धरली. बराच वेळ बघितली. मग माझ्याकडे बघून विचारलं, कुठं हाय? मी त्या राखाडी भागावर बोट ठेवून सांगितलं, इथे बसली होती. लाल रिबिनीबद्दल मी काही बोललो नाही. तिने स्वतःच त्या रिबिनीवर बोट ठेवलं, थोडा वेळ ठेवलं आणि काढलं.

"गुर्जी, तुमचा चांगला आलाय," ती म्हणाली.

मी ठरवून आलो होतो ते बोलून टाकलं. या वेळी पुस्तकातलं मराठी नव्हतं, जामसरचं होतं. व्हायरसने फोटो खाल्ला नव्हता, त्याने लपवला होता फक्त. पुसला तो मी. हे मला माहीत नव्हतं, पण पुसला मी. बोलून झाल्यावर मला बरं वाटलं. वाटलं, आता ती रडेल, शिव्या देईल, काहीही म्हणेल, आपण ऐकून घेऊ.

तिने विचारलं,

"तो व्हायरस कवा आला व्हता?"

"तुम्ही फोटो मागितल्यावर... म्हणजे मागल्या साली. दिवाळी झाल्यावर."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

"मंग त्याच्या आधीचे दोन पावसाळे मी मागत व्हती," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. नुसता हिशेब लागला होता. तिने प्रिंट पदराखाली ठेवली, उठली आणि भाताखालचं लाकूड मागे ओढलं. पोरं ताटं घेऊन ओळीत येऊन बसली होती.